वयाला शोभेल असं लुगडं

धाकट्या भावाचं कार्ड आलं तेव्हा मी वकिलीणबाईंच्या पोलक्याला बाही लावत होते. कार्ड वाचलं आणि उजवी बाही डाव्या खांद्याला जोडली. ती उसवली, कार्ड पुन्हा वाचलं, आणि या खेपेला डावी बाही उजव्या खांद्याला जोडली. तिसऱ्यांदा वाचल्यावर मी मशीन झाकून ठेवलं आणि अंगणात येरझाऱ्या घालू लागले. वकिलीणबाईंचं नुकसान होण्यापेक्षा चपलांचं झालेलं बरं.

कार्डात जेमतेम चार ओळी होत्या. 'सप्रेम नमस्कार वि. वि. ईश्वरकृपेने कन्यारत्न झाले. बारसे आखाजीस करण्याचे योजिले आहे. तरी अगत्य यावे. येताना वयाला शोभेल असे नेसून यावे. कळावे. छगन, धानोरे.' पत्ता असा : 'शिवणकाम, दगूबाईंच्या घरासमोर, नंदुरबार.' नाव नव्हतं.

नाव का नव्हतं ते सांगते. मी जन्मले तेव्हा आमच्या घरी मुलगा झाला म्हणून गूळ वाटला होता. चूक त्यांची. ती मी तिसाव्या वर्षी लुगडं नेसून दुरुस्त केली, आणि त्या दिवसापासून मला धानोऱ्याचं बोलावणं आलं नव्हतं. एकवीस वर्षं. त्या प्रकरणात यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही, आणि जे आहे ते ऐकायला लोक फार पुढे सरकून बसतात, म्हणून मी सांगत नाही. गावात माझ्यामागे काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. त्यातलं 'नर्मदाबाई' एवढंच मला ऐकू येतं. बाकीच्या बाबतीत कान जरा जड आहेत.

तर बोलावणं आलं होतं, आणि तेही आखाजीचं! खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात. म्हणजे छगननं मला माहेरी बोलावलं होतं, असा एक अर्थ. पण 'वयाला शोभेल असे नेसून यावे' या पाच शब्दांनी माझी झोप उडवली. मराठी भाषेनंच माझा घात केला होता. माणसं कोट घालतात, टोपी घालतात, पागोटं बांधतात. धोतर मात्र नेसतात, आणि लुगडंही नेसतात. छगनच्या मनात यातलं कुठलं होतं?

"कव्हयनी अशी बाहेर-मझार करी ऱ्हायनी? काय व्हयनं?" दगूबाईंनी समोरच्या ओट्यावरून विचारलं. दगूबाई साठीच्या. सकाळी शेंगा सोलायला ओट्यावर बसतात त्या गल्ली झोपेपर्यंत. मी त्यांना कार्ड वाचून दाखवलं.

"मंग सोपं शे," त्या म्हणाल्या. "मातकट लुगडं ले. वयले शोभस. डाग बी दिखत नही."

"मातकट माझ्याकडे सात आहेत, दगूबाई."

खरंच सात होती. मी लगेच घरात जाऊन ट्रंक उघडली आणि पुन्हा मोजली. तपकिरी, विटकरी, काथी, धुळीचा एक, चिखलाचे दोन, आणि एकाचा रंग कुठला हे मला घेतानाही कळलं नव्हतं. एकवीस वर्षं मी असेच रंग नेसले, की रस्त्यावरून जाताना मी कुठली आणि रस्ता कुठला हे कुणाला पटकन कळू नये. त्यात सुरक्षितपणा होता. पण आता माहेरी जायचं होतं, भाचीच्या बारशाला, आणि त्या ट्रंकेपुढे बसल्या बसल्या माझ्या मनात एक रंग आला तो काही केल्या जाईना. गुलबक्षी. संध्याकाळी उमलणाऱ्या फुलाचा असतो तो. लांबून हाक मारल्यासारखा.

मी तो रंग मोठ्यानं उच्चारला तेव्हा दगूबाईंच्या हातातली शेंग खाली पडली.

"पन्नाशीमा गुलबक्षी? माय व! मन्ही सून बी नही नेसस!"

"ज्या वयात बायका गुलबक्षी नेसतात, त्या वयात मी धोतर नेसून शेताला पाणी देत होते."

"ते मन्हा डोकामा उनं," दगूबाई म्हणाल्या. "पन लोकेसना डोकामा ते येवाव नही."

इथे मला एक कबुली द्यायला हवी. हा कायदा मीही चालवत आले आहे. पोलकी शिवणारी बाई म्हणजे बायकांच्या वयाची फौजदारच. चाळिशीनंतर बाही कोपराखाली, पंचेचाळिशीनंतर झालर बंद, पन्नाशीनंतर फुलाफुलांचं कापड मी हातात धरत नसे. एका बाईंना तर मी तोंडावर सांगितलं होतं, "आता तुम्हाला हे शोभायचं नाही." त्या बिचाऱ्या कापड घडी करून घेऊन गेल्या. त्यांचा तो चेहरा मला आता, स्वतःवर पाळी आल्यावर, आठवू लागला, आणि त्यामुळे येरझाऱ्या आणखी वाढल्या.

शेवटी मी कार्ड घेऊन दोधू मास्तरांकडे गेले. मास्तर आमच्याच गल्लीत राहतात. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण व्याकरण निवृत्त झालेलं नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं.

"नेसणे. सकर्मक क्रियापद," मास्तर म्हणाले. "कर्म अध्याहृत आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पत्रलेखकानं मुख्य वस्तूच लिहिलेली नाही."

"ते मलाही दिसतंय, मास्तर. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटण्याचा प्रश्न नाही. वय मात्र स्पष्ट आहे. आपलं वय एकावन्न."

"लुगड्यातलं माझं वय एकवीस आहे."

"वय जन्मापासून मोजतात, बाई."

"मग मी तेच सांगतेय."

मास्तरांनी कार्ड परत दिलं आणि म्हणाले, की हा मुद्दा व्याकरणाच्या कक्षेबाहेरचा आहे.

आता गुलबक्षी म्हटलं म्हणजे झालं असे ते दिवस नव्हते. लढाई चालू होती आणि कापडावर कंट्रोल होता. रेशनकार्ड दाखवा, परमिट घ्या, परमिट दुकानात न्या, आणि दुकानदार जे देईल ते डोक्याला लावून घरी या. मी कंट्रोलच्या कचेरीत गेले. तिथले कारकून नवीन होते, कोकणातले, अतिशय सज्जन. इतके सज्जन, की मला पाहिल्यापासून त्यांनी एकही वाक्य असं उच्चारलं नाही ज्यातून मी बाई की पुरुष हे ठरावं. मराठीत हे किती अवघड आहे ते करून पाहा.

"येणं कशासाठी झालं?" त्यांनी विचारलं. "बसायचं असल्यास बाक आहे."

"लुगड्याचं परमिट हवंय."

"कार्ड दाखवावं लागेल." त्यांनी कार्ड पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला घाम फुटला. "इथला एक रकाना कोरा दिसतो."

कोरा होता खरा. कार्डं करायला जो माणूस दारोदार फिरला होता, त्यानं माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, प्यायला पाणी मागितलं, पाणी प्याला आणि निघून गेला. त्यानं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि 'स्त्री की पुरुष' हा रकाना पुढच्या माणसासाठी सोडला. पुढचा माणूस हे कारकून.

"पुरुष असल्यास धोतरजोडी," ते नियमांचं पुस्तक चाळत म्हणाले. "स्त्री असल्यास लुगडं. रकाना कोरा असल्यास..." ते पानं उलटत राहिले. "कोरा असल्यास काहीच लिहिलेलं नाही."

"मग मी काय उघडं फिरायचं?"

"तसंही कुठे लिहिलेलं नाही," ते कळवळून म्हणाले.

शेवटी त्यांनीच मार्ग काढला. मला ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित इसमांचा दाखला आणावा, म्हणजे ते रकाना भरतील. मी पुन्हा मास्तरांकडे. मास्तरांनी मोठ्या उत्साहानं दाखला लिहिला : सदर बाई सद्वर्तनी, उद्योगी व शेजारधर्मास जागणाऱ्या आहेत. मी तो घेऊन कचेरीत गेले. कारकुनांनी दोनदा वाचला आणि खेदानं सांगितलं, की सद्वर्तनाचा रकाना कार्डात नाही.

मी परत आले. मास्तर चिडले. "मला जे ठाऊक नाही ते मी लिहिणार नाही," ते म्हणाले. "मी चाळीस वर्षं मुलांना खोटं लिहू नका म्हणून मारलं आहे."

"मग जे ठाऊक आहे ते लिहा," मी म्हटलं, आणि माझा आवाज जरा चिरकला. पंधरा दिवसांत तीन खेपा झाल्या होत्या. आखाजी जवळ आली होती. आणि आपण बाई आहोत याचा कागद मिळवण्यासाठी उन्हात एका माणसाच्या दारात उभं राहणं, हे लुगडं कुठल्याही रंगाचं असलं तरी शोभत नाही.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग टाक उचलला. त्यांनी लिहिलं : 'ह्यांना मी गेली एकवीस वर्षे बाई अशीच हाक मारीत आलो असून त्यांनी प्रत्येक वेळी ओ दिलेली आहे. दुसऱ्या कोणत्याही हाकेस त्यांनी ओ दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.' खाली सही केली, तारीख घातली आणि कागद वाळवायला वाऱ्यावर धरला. मी वर बघत राहिले, कारण खाली बघितलं असतं तर कागदावर पाणी पडलं असतं.

दुसरा प्रतिष्ठित इसम म्हणून दगूबाई स्वतःहून निघाल्या. कचेरीत जाऊन त्यांनी कारकुनांच्या मेजावर अंगठा आपटला.

"इसम म्हणजे..." कारकून चाचरले.

"लिखी ले," दगूबाई म्हणाल्या. "मन्ही पोरना बाळतपनले हाई बाई तीन रात जागनी. तिन्हा धनी नही जागना. सासरा नही जागना. आनी तू माले इचारस, हाई बाई शे का म्हनून?"

कारकुनांनी मास्तरांचा कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मग दौतीत टाक बुडवून, अगदी सुवाच्य अक्षरात, त्या कोऱ्या रकान्यात 'स्त्री' असं लिहिलं, त्यावर टीपकागद दाबला, आणि मान वर करून म्हणाले, "अहो, उभ्या का? बसा ना."

उभ्या! मी बसले.

पण रकाना भरला म्हणजे लुगडं मिळालं असं नाही. परमिट घेऊन मी चुनीलाल शेटच्या दुकानात गेले. वरच्या फळीवर गुलबक्षी लुगडं मला दिसत होतं. तेही माझ्याकडे बघत होतं.

"ए माल लगनवाळाचा, बेन," चुनीलाल म्हणाले. "लगनाचं परमिट जोईए. तुमच्या उमरला आ बरोबर." आणि त्यांनी माझ्यापुढे जाड्याभरड्या सुताचं, स्वच्छ पांढरं लुगडं टाकलं.

"पांढरं? शेट, माझा नवरा मेलेला नाही."

"माफ करा, बेन. म्हणजे ते हयात आहेत?"

"नाही."

चुनीलाल गोंधळले. "गावाला गेले?"

"कधी नव्हतेच."

त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या दुकानात सवाष्णीचं, विधवेचं, नवरीचं असं सगळं कापड होतं. पन्नाशीची, बिनलग्नाची, नुकताच रकाना भरलेली बाई कुठल्या फळीवर बसते हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "कोरं घ्या, बेन. कोऱ्याला काय, रंगवता येतं."

याला म्हणतात व्यापारी! मी पांढरं उचललं आणि तडक खात्या रंगाऱ्याकडे गेले. खात्याचे हात कोपरापर्यंत निळे होते.

"गुलबक्षी," मी म्हटलं, आणि तो विचारण्याआधीच सांगून टाकलं, "माझ्यासाठी. वय एकावन्न."

"वय माले काय करनं?" खात्या म्हणाला. "कापडले वय ऱ्हास नही."

सगळ्या नंदुरबारात मला भेटलेला हा पहिला शहाणा माणूस. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण पाय हिरवे होते. अडचण एवढीच होती, की लढाईमुळे परदेशातून येणारा चांगला रंग बंद झाला होता आणि खात्या जे मिळेल त्यात जे सापडेल ते मिसळत होता. तीन दिवसांनी लुगडं हातात आलं तेव्हा त्याचं एक टोक झगझगीत गुलबक्षी होतं आणि दुसरं टोक वांग्याच्या रंगाचं. मध्ये कुठेतरी दोघांची बोलणी चालू होती.

"एक परमिटवर दोन रंग उनात," खात्या खूश होऊन म्हणाला. "फक्त आठ दिन पानी लागू देऊ नको."

मी मान हलवली. वैशाखाच्या उन्हात माणसालाही पाणी सुटतं, हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आखाजीच्या सकाळी नेसले. चोपून निऱ्या घातल्या, वांगी टोक आत दडवलं, गुलबक्षी पदर बाहेर घेतला. दगूबाई सोबत यायला निघाल्या होत्या. आपण अंगठा दिलेला आहे तर काम तडीस न्यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मातकट बरं व्हतं," त्या म्हणाल्या. मग जवळ येऊन पदर खांद्यावर नीट बसवला. "पन दिखस चांगलं, मरो."

आणि आता माझ्या भित्रेपणाची गोष्ट. ट्रंकेच्या तळाशी एक जुनं धोतर होतं. ते मी पिशवीत घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. दगूबाई दारातून हाका मारत होत्या. छगनच्या मनात धोतरच असेल तर? दारातूनच परत पाठवलं तर? भाची एकदा डोळ्यांनी पाहायला मिळावी म्हणून मी तेही केलं असतं. नेसले असते. शेवटी धोतर पिशवीतच राहिलं, आणि सबंध वाटेत ती पिशवी मला दगड भरल्यासारखी लागत होती.

मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. पेट्रोल लढाईवर गेलं होतं. मागे एक भट्टी बांधलेली, आणि धुडकू ड्रायव्हर दर दोन मैलांवर उतरून तिला सळईनं ढोसायचा. मोटार एका चढावर आली आणि दमली. धुडकू ओरडला, "माणसं उतरा! धक्का मारा!"

सगळे पुरुष उतरले. उतरता उतरता प्रत्येकानं माझ्याकडे एकदा पाहून घेतलं. दगूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "बस खाले," त्या दातांतून म्हणाल्या. मी बसले, अतिशय मानानं, समोरच्या काचेकडे बघत. मोटार हलली नाही. पुन्हा धक्का, पुन्हा काही नाही. मग धुडकू म्हणाला, "आते बाया बी उतरा."

आता प्रश्न नव्हता. मी बायांबरोबर उतरले, पदर खोचला आणि मोटारीला खांदा लावला. मोटार एका हिसक्यात चढ चढून गेली. लुगडं नेसल्यानं दंडातला जोर जात नाही, हे धुडकूला त्या दिवशी कळलं. तो टोपी काढून माझ्याकडे बघतच राहिला. मात्र वर गेल्यावर भट्टीच्या नळीतून काळा धूर फसफसू लागला, आणि त्याची सगळी काजळी आम्हा बायांच्या तोंडावर आली.

"नळी फुटनी! चिंधी शे का कोनाकडे? मोठी पाहिजे!"

कुणाकडे नव्हती. मी पिशवी उघडली, धोतर काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं टर्रकन फाडून नळीभोवती गुंडाळलं. मोटार सुरू झाली आणि माझी पिशवी हलकी झाली. आता परतीचा रस्ताच उरला नव्हता. धानोऱ्याला जे काय व्हायचं ते गुलबक्षीतच.

त्यानंतर अर्ध्या तासानं दगूबाई माझ्या हाताकडे बघून किंचाळल्या. बोटं गुलबक्षी झाली होती. मनगटंही. मान, घोटे, कानाच्या पाळ्या, जिथे म्हणून घाम आला तिथे लुगडं अंगावर उतरत होतं. वरून काजळी. एकवीस वर्षांनी माहेरच्या अंगणात पाऊल टाकलं ते असं : तोंड काळं, हात गुलाबी, पोटऱ्या वांगी.

छगन कडुनिंबाखाली उभा होता. मी सोडून आले तेव्हा तो विशीचा होता. आता कानाजवळ पांढरे केस. त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"होळी त कव्हयनी व्हई गई," तो म्हणाला.

मी मनात एकवीस वर्षं भाषणं तयार केली होती. त्यांतलं एकही आठवेना. मी विचारलं ते एवढंच, "वयाला शोभेल असं म्हणजे काय लिहिलं होतंस रे?"

छगन गोठ्यातल्या बैलाकडे बघू लागला. उत्तर घरातून आलं. त्याची बायको जसोदाबाई, जिला मी आजवर पाहिलं नव्हतं, बाळाला खांद्यावर घेऊन उंबऱ्यात आली होती.

"मी सांगस," ती म्हणाली. "हाऊ आमना गावना शाळाना मास्तरले म्हने, धोतर नेसीसन ये असं लिखा. मी मझारतून वरडनू, धोतर नेसेल फुई माले चालाव नही! काका गावमा ढीगभर शेतस. मन्ही पोरले फुई एक बी नही. आमनं भांडन व्हयनं. मास्तर बिचारा कटाळना, आनी त्यानी मधलं कायतरी लिखी दिधं."

फुई, म्हणजे आत्या, जसोदाबाईला हवी होती. छगननं मात्र धोतरच सांगितलं होतं. ज्याच्यासाठी मी कचेरीच्या खेपा घातल्या, दोधू मास्तरांना टाक उचलायला लावला, मोटार ढकलली, त्याला मी धोतरात हवी होते. पाच शब्दांचा अर्थ आता लागला. मी ओट्याच्या कडेला टेकले. परतीची मोटार संध्याकाळी होती. चालत गेले तर? मी उठले, बसले, पुन्हा उठले. दगूबाई माझ्या आणि वाटेच्या मध्ये येऊन बसल्या.

आत बायका जमल्या होत्या. पाळणा सजला होता. माहेरी आलेल्या लेकींचा गलबला चालला होता. एक म्हातारी पाळण्याची दोरी धरून मोठ्यानं म्हणाली, "चला, उशीर व्हई ऱ्हायना! फुई कोन शे? पोरना कानमा नाव कोन सांगी?"

गलबला थांबला. कुणी लुगड्याचं टोक चाचपू लागलं, कुणी छताकडे बघू लागलं. जसोदाबाईनं तोंड उघडलं, पण ती सून होती आणि समोर सगळं गाव होतं. सगळ्यांचे डोळे छगनकडे वळले. छगन दारात उभा होता, एक पाय आत, एक बाहेर. मला त्याची मान दिसत होती, उन्हानं करपलेली, आणि ती हळूहळू लाल होत होती.

"हाई शे ना," तो म्हणाला.

"कोन?" म्हातारीला ऐकू कमी येत होतं.

"हाई! मन्ही बहीन!" छगन इतक्या जोरात ओरडला, की बाळ रडू लागलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "जाय ना. बठ पाटवर. पोर रडी ऱ्हायनी, दिखत नही का?"

मी पाटावर बसले. जसोदाबाईनं बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि ते लगेच गुलबक्षी झालं. गाल, कुंची, दुपटं, सगळं. जसोदाबाई हसायलाच लागली. मी कमरेची चंची चाचपली. दोधू मास्तरांनी अकरा संस्कृत नावांची यादी करून दिली होती. हाताला लगदा लागला. शाई आणि गुलबक्षी एक होऊन अकराही नावं वाहून गेली होती.

"सांग व फुई, सांग!" बायका ओरडत होत्या.

मी वाकले. तिच्या कानाला गुळाचा आणि दुधाचा वास येत होता. नाव आपोआप आलं. "कुर्र," मी म्हटलं, "रेवा."

"काय? काय सांगं?"

"रेवा," मी मोठ्यानं म्हटलं.

रेवा म्हणजे नर्मदाच, आणि माझं नाव नर्मदा, हे दगूबाईंनी म्हातारीच्या कानात ओरडून सांगितलं. मग ती म्हातारी म्हणाली, "अव, नर्मदानी भाची रेवा! सोतानंच नाव दी टाकं व हाई फुईनी!" आणि तिनं माझ्या पाठीत पहिला गुद्दा घातला. मग रीतच मोकळी झाली. सगळ्या लेकीबाळी तुटून पडल्या. दगूबाईंनी तर दोन्ही हातांनी घातले. ज्यांची मला ओळख नव्हती त्यांनीही मारलं. पंधरा दिवस उन्हात मानापमान मोजत फिरलेली मी आता पाटावर बसून मार खात होते आणि मला थांबा म्हणवत नव्हतं.

मी माझं नाव ठेवलं तेव्हा नंदुरबारच्या त्या खोलीत मी एकटी होते. स्वतःच्या कानात स्वतःला बोलता येत नाही, म्हणून भिंतीकडे तोंड करून म्हटलं होतं. पाठीत घालायला कुणी नव्हतं. तेव्हा त्या दिवशीचे गुद्दे मी दोन बारशांचे म्हणून घेतले.

शेवटचा गुद्दा बराच जड होता. बायकांचा हात नव्हता तो. वळून पाहिलं तर छगन. बारशात पुरुष असलं काही करत नाहीत. त्याच्या तळहाताला रंग लागला होता, आणि तो हात पाठीमागे लपवत होता.

"काय रे?" मी विचारलं.

"काई नही," तो म्हणाला. "मच्छर व्हता."